डाव्या कानामागची खूण

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी लसीचं कार्ड पुढं ओढलं, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि वर न बघताच विचारलं, "हे कितवं?" ज्योत्स्ना तोंड उघडणार तोच शेजारी बसलेली तिची सासू, देवकाबाई, म्हणाली, "एकच हाय बाई." नर्सबाईंनी मागचं पान उलटलं. "इथं तर बाळंतपण दुसरं लिहिलंय." "बाळंतपण दुसरं असन. लेकरू एकच हाय. गेला होता, आला वापस." नर्सबाई हसल्या, असलं रोज ऐकणाऱ्या माणसासारखं, आणि रकान्यात काहीतरी लिहून मोकळ्या झाल्या. काय लिहिलं ते ज्योत्स्नाला दिसलं नाही. मांडीत सुई गेली, पोर किंचाळली, देवकाबाईनं तिला छातीशी घेऊन "झालं माह्या राजा, झालं" म्हणत हलवायला सुरुवात केली, आणि ज्योत्स्ना बाकाच्या कडेला तशीच बसून राहिली. तीन महिने हे घरात चाललेलं होतं. तेल लावताना, आंघोळ घालताना, शेगडीच्या धगीवर हात शेकून पोटावर ठेवताना ती ऐकत आली होती. पण घरातलं बोलणं घरात विरून जातं. आज ते कागदावर गेलं. सरकारी कागदावर, निळ्या शाईनं. दोन होते, एक राहिलं. मेलेला पोरगा आणि जिवंत पोरगी यांच्यातलं कोणीतरी आज खोडलं गेलं, आणि कोण, हे तिला नक्की सांगता आलं नसतं.

बाहेर ऊन होतं, पण चंद्रपुरातलं, राखेतून गाळलेलं. ऑटोत बसताना तिनं दांडीला हात लावला तर अंगठ्याला काळं लागलं. वीज केंद्राच्या चिमण्या आज कोणत्या दिशेला धूर सोडताहेत हे इथं वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळतं. काळा अंगठा ती बघत राहिली. गेल्या वर्षी, पोळा होऊन नऊ दिवस झाले होते तेव्हाही, अंगठा असाच होता. मिथुनला मातीसाठी चामोर्शीकडच्या गावी नेलं होतं, सासरच्या गावी, जिथं ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या तळ्यात जाळं टाकत आली. ताप डोक्यात गेला म्हणाले डॉक्टर. साडेतीन वर्षांचा पोरगा, तीन दिवस. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायच्या आधी आईनं त्याच्या अंगावर दिव्याची काजळी लावायची, कोणाला दिसणार नाही अशा जागी. परत आला की त्या खुणेवरून ओळखता येतो. देवकाबाईनं डबीच्या झाकणात तेल घालून काजळी कालवली होती, ज्योत्स्नाचा अंगठा धरून त्यात बुडवला होता. "डाव्या कानामांगं लाव. दाबून लाव. रडू नोको, टिपूस पडला तं पुसून जाते." मग तिला एकटीला आत सोडलं. त्यानं कुशीवर झोपल्यासारखी मान वळवलेली होती. तिनं त्याचा कान पुढं दुमडला. कानामागं बारीक लव होती, आणि दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा डिंक राहिला होता, मळून गोळा झालेला. तो तिनं नखानं हळूच काढला. कातडी स्वच्छ झाली. त्या स्वच्छ कातडीवर तिला अंगठा ठेववेना. ज्या पोराला तीन दिवस सुया टोचल्या, नळ्या घातल्या, पाणी मागितलं तर "गप पड रे जरा" म्हटलं, हे शेवटचं तीच म्हणाली होती, त्याच्या अंगावर आता आणखी काही नको. तिनं अंगठा लुगड्याच्या आतल्या पदराला पुसला. कान सरळ केला. बाहेर आली तर देवकाबाईनं नुसती मान उडवली. आणि ज्योत्स्ना म्हणाली, "लावलं."

आता तिच्या मांडीवर पडलेल्या पोरीच्या डाव्या कानामागं उडदाएवढी काळी खूण आहे.

जन्मली त्या दिवशीच देवकाबाईनं ती शोधली. आधी कान, मग बाकीचं पोर. मुलगी आहे हे बघायच्या आधी तिनं कान दुमडला आणि दवाखान्याच्या पॅसेजमध्ये मटकन खाली बसली. तेव्हापासून घर बदललं. नऊ महिने धड न जेवलेली बाई दोन भाकरी खायला लागली. मिथुनचा करगोटा डब्यातून निघाला, त्याची निळी टोपी निघाली, त्याचं नाव निघालं. "मिथू" म्हणतात आता. मुलीलाही चालतं. नणंद दामिनी येते ती "काय गा भाचेबुवा, लुगडं नेसून आला काय या खेपेले?" म्हणत, आणि सगळे हसतात. ज्योत्स्नाही हसते. हसताना ती पोरीचा कान पदरानं झाकते. कारण या सगळ्या हसणाऱ्यांत तिला एकटीला माहीत आहे की मिथुनच्या कानामागं काही नव्हतं. मग खूण घेऊन कोण आलं? दुपारी देवकाबाई शेजारी गेली की ती दाराला कडी लावते, पोरीला कुशीवर करते आणि खूण बघते. बोटाला थुंकी लावून घासते. जात नाही. कधी वाटतं, कान दुमडताना अंगठा चुकून लागला असेल, तिलाच कळलं नसेल. या विचाराच्या काठावर ती किती तरी वेळ बसते. उडी मारली तर खाली मऊ आहे, सगळं घर खालीच आहे, हात पसरून. पण तिला तो कान आठवतो. तो कोरा होता. तर मग ही दुसरीच गोष्ट. त्या खोलीच्या कौलांत बसून कोणीतरी तिचं ते खोटं "लावलं" ऐकलं, रिकामी राहिलेली खूण उचलली आणि ती लावून आत शिरलं. परवा देवकाबाईनं चुलीपासून हाक मारली, "मिथुन्या!" आणि तीन महिन्यांच्या पोरीनं मान वळवली. पूर्ण वळवली. हाकेकडं नाही, ज्योत्स्नाकडं. आणि बघत राहिली.

सांगून टाकावं असं रोज वाटतं आणि रोज तिला माहेरच्या गावची चंदा आठवते. चंदा जन्मली ती तोंडात दोन दात घेऊन. कोणी मारलं नाही, टाकलं नाही. फक्त तिचा पाण्याचा गडू वेगळा झाला, मग तिच्याबरोबर खेळणारी पोरं दुसऱ्या गल्लीत खेळायला लागली, मग ती मावशीकडं सूरजागडच्या बाजूला गेली, आणि पुढं तिचं काय झालं हे कोणी कोणाला विचारलं नाही. ज्योत्स्नानंही नाही. सांगितलं तर हे घर पोरीला हाकलणार नाही. फक्त दामिनी तिला उचलताना एक क्षण थांबेल. तेवढ्यानंच सुरुवात होते. आणि नाही सांगितलं तर पोर जन्मभर एका मेलेल्याचं नाव, करगोटा, टोपी वागवत राहील, आणि तो, तो तर कुठंच उरणार नाही. ज्याच्यासाठी रडायचं तो घरातच दूध पितो म्हटल्यावर रडायचं कोणासाठी?

नेमकं हेच तिनं सुगुणाबाईला विचारलं होतं. सुगुणाबाई मुलांच्या वॉर्डात आया. मूळची सिरोंचाकडची, कोळसा खाणीच्या जुन्या वसाहतीत राहणारी, जाडजूड, पायांत पुरुषी चपला. मिथुन गेला त्या सकाळी सगळ्यांनी त्याचं नाव घेणं सोडलं होतं. "बॉडी नेऊन घ्या", "बॉडीसोबत कोण हाय", असं चाललेलं. एवढीशी बॉडी. सुगुणाबाई ओला कपडा घेऊन आली आणि म्हणाली, "नाव काय बाबूचं, अम्मा?" ज्योत्स्नाच्या तोंडून आवाज निघेना. बाई थांबली. कपडा हातात धरून उभी. "नाव सांग. बिनानावाचा नाई पुसत मी कोणाले." मग ज्योत्स्नानं सांगितलं, आणि त्या बाईनं "मिथुन बाबू, हात दे" म्हणून हात पुसला, "मिथुन बाबू, पाय दे" म्हणून पाय पुसले. पोरगी झाल्यावर पहिल्या डोसला ती फाटकात पुन्हा भेटली तेव्हा तिनं पहिला शब्द काढला तो त्याचा. "मिथुनच्या नावानं दर बुधवारी प्रार्थनेत मागते मी." ज्योत्स्नाला वाटलं, कोणीतरी बंद खोलीची खिडकी बाहेरून उघडली.

म्हणून बुधवार. डोसच्या, रेशनच्या, कशाच्याही नावावर चोरलेला एक तास. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर साधा लाकडी क्रूस, बाजूनं कोळशाची मालगाडी जाते तेव्हा दहा मिनिटं कोणालाच काही ऐकू येत नाही आणि सगळे डोळे मिटून नुसते थांबतात. तिला ते थांबणं आवडायचं. पहिल्यांदा ती दाराजवळ बसली होती, पोर पदराखाली, आपण काहीतरी चोरायला आलोय अशी. प्रार्थनेत एकेक जण उठून बोलत होता. कोणाचा नवरा, कोणाची नोकरी, कोणाचा गुडघा. सुगुणाबाई उठली आणि म्हणाली, "प्रभू, मिथुन तुझ्यापाशी हाय, त्याची माय इथी हाय. दोघाईले सांभाळ." बस्स. ज्योत्स्नाच्या अंगातून दूध आणि पाणी एकदमच फुटलं, पोर भिजली, ब्लाऊज भिजला. दोघांना. एक तिथं, एक इथं, आणि मांडीवर तिसरी. वर्षभरात पहिल्यांदा मोजणी बरोबर आली होती.

"पन अम्मा," नंतर पायरीवर बसून सुगुणाबाई म्हणाली, "तुमच्याकडं म्हनतात वापस येते. आमच्या पुस्तकात एक राजा हाय. त्याचं पोर बिमार पडलं तं सात दिवस जमिनीवर पडून राह्यला, जेवला नाई. पोर गेलं तं उठला, आंघोळ केली, देवळात गेला, जेवला. लोक म्हनाले, हा काय मानूस हाय. त्यानं म्हटलं, तो माह्याकडं येत नाई आता. मी जाईन त्याच्याकडं." तिनं चपलेतला खडा झटकला. "माही एस्तेर रेल्वेमांगच्या कब्रस्तानात हाय. नऊ सालाची होती. तिच्यानंतर मले दोन झाल्या. कोनीच एस्तेर नाई. देव का गरीब हाय, एकच लेकरू फिरवून फिरवून द्याले?"

हे वाक्य ज्योत्स्नानं घरी नेलं, जसं कोणी पदरात निखारा नेतं. ते ऊब द्यायचं आणि भाजायचंही. राजाचं ऐकून ती घाबरली होती. येत नाही म्हणजे येतच नाही. हाक मारायची सोय संपली. देवकाबाईची गोष्ट किती गोड होती, त्यात कोणी मेलंच नव्हतं. सुगुणाबाईच्या देवाकडं जायचं तर आधी मिथुनला पूर्ण मरू द्यायला हवं होतं. भांडी घासताना ती मनात म्हणून बघायची, येशू, तो तुझ्याजवळ आहे ना. उत्तर यायचं नाही. पण आधी जी एक पोकळ शांतता असायची, विहिरीत दगड टाकून आवाज न आल्यासारखी, ती राहिली नव्हती. कोणीतरी ऐकून गप्प बसलंय अशी शांतता होती. दोन्हींत किती फरक असतो ते तिला कोणाला समजावून सांगता आलं नसतं.

डोसच्या त्याच दिवशी संध्याकाळी तिचा नवरा प्रवीण खाणीतून आला, पाय धुतले, आणि त्याच्या आईनं जाहीर केलं, येत्या रविवारी गावी जायचं, पितरांचा पंधरवडा लागायच्या आत. नाव ठेवायचं. आणि तळ्याच्या पाळीवरचे, म्हणजे बांधावरचे, दगड काढायचे. मिथुनला पुरलं त्यावर जनावरानं उकरू नये म्हणून दगड रचलेत, बाभळीच्या काट्या टाकल्यात. "मालक घरी आला, मंग कुलूप कायले ठेवाचं तिथी? पोराले ओझं होते त्या दगडाचं. म्हनून दचकते झोपेत." देवकाबाई पोरीला पायांवर घेऊन बोलत होती, तिचा आवाज सुखी होता. ज्योत्स्नानं पोळी तव्यावर जाळली.

प्रवीणला तिनं मागच्या मोरीत गाठलं. "दगड नोका काढू." "काऊन?" "राहू द्या. तो तिथी हाय." प्रवीणनं टॉवेल खांद्यावर टाकला. तो वाईट माणूस नव्हता; दिवसभर डंपरच्या आवाजात बसून त्याला घरात आवाज नको असायचा. "तुह्या त्या बुधवारच्या बाईनं सांगतलं काय?" तिनं दचकून वर पाहिलं. "मले मालूम हाय. आख्ख्या लाईनले मालूम हाय. जा म्हनलं मी? नाई जाऊ म्हनलं? मन लागते तं जा. पन एक सांगतो, माय आठ-नऊ महिने जेवत नोहती. आता जेवून राह्यली. तिच्या ताटात माती टाकशीन तं मी तुले माफ नाई करीन." मग खूप हळू, "मले तरी कुठी पटते. पन जेवून राह्यली ना व ती."

तर प्रश्न हा होता. एका बाईचं जेवण.

रविवारी बस गोंडपिपरीवरून गेली. आष्टीच्या पुलाआधी लोहखनिजाचे ट्रक लागले, एकामागून एक, ताडपत्रीखालून लाल धूळ सांडत. बसच्या काचा, माणसांचे रुमाल, पोरीच्या पापण्या, सगळ्यावर तांबूस थर. खाली वैनगंगा पुराचं पाणी घेऊन फुगलेली, मातकट, तिच्या पोटात एक अख्खं झाड गरगरत चाललेलं. देवकाबाईनं नदीला हात जोडले. ज्योत्स्नानं पोरीचा चेहरा पदरानं पुसला आणि ती जागी झाली, रडली नाही, नुसती बघत राहिली, मागं हाक मारली तेव्हासारखी. ज्योत्स्ना मनातल्या मनात म्हणाली, तू कोण आहेस. आणि लगेच, कुठून कोण जाणे, सुगुणाबाईचा आवाज, नाव सांग, बिनानावाचा नाई पुसत मी. तिला वाटलं, हिच्याकडं आपण अजून बघितलंच नाही. फक्त कान बघितला. तीन महिने आपणही सासूसारखा कानच बघत आलो, ती आशेनं, मी भीतीनं. हिला उडदाएवढा तीळ आहे, लाखो लेकरांना असतो. हिचे डोळे कोणासारखे आहेत? तिला सांगता येईना. 

पाळीवर गवत कमरेएवढं होतं. तळं काठोकाठ भरलेलं, धानाच्या बांध्या हिरव्यागार, आणि वारा अजिबात नाही. काहीच हलत नव्हतं, इतकं की पाण्यानं श्वास धरलाय असं वाटावं. दामिनीच्या हातात हळद-कुंकवाचं ताट. प्रवीणनं काट्या बाजूला ओढल्या. देवकाबाई वाकली, पहिला दगड दोन्ही हातांनी उचलला, त्याच्याकडं दिला. त्यानं तो तळ्यात टाकला. आवाज खूप उशिरा आला असं वाटलं. वर्तुळं काठाला येऊन लागली. जिथून दगड निघाला तिथं पांढरट, दबलेलं गवत होतं, त्यात एक गोम वळवळत होती. देवकाबाई दुसऱ्या दगडाला वाकली.

"आत्याबाई, थांबा."

"काय व?"

"मी खूण लावली नोहती." तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या कोणाचा वाटला. "काजळी मी लुगड्याले पुसली. त्याचा कान कोरा होता. कोराच पुरला आपुन त्याले."

प्रवीण "ज्योत्स्ना" एवढंच म्हणाला. दामिनीनं पोरीकडं पाहिलं आणि अर्धं पाऊल मागं घेतलं. अर्धंच. ज्योत्स्नानं ते पाहिलं. पोरीला तिनं इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. आता झालं. आता गडू वेगळा होणार.

देवकाबाई दगड पोटाशी धरून उभी होती. "मले मालूम हाय," ती म्हणाली.

तिनं दगड खाली ठेवला नाही.

"तू बाहेर आली, मी आत गेली. कान पाह्यला. काई नोहतं. तुह्या लुगड्यावरचा डाग बी म्याच धुतला दुसऱ्या दिशी. मले वाटलं, मायनं नाई लावली तं काय, त्यानं सोताच आनली असन. लेकरू हुशार होतं माहं." तिचा आवाज सपाट होता, बाजारात भाव सांगावा तसा. "कायतरी तं पाह्यजे ना व धराले." मग तिनं ज्योत्स्नाकडं पाहिलं, आणि त्या म्हाताऱ्या तोंडावर ज्योत्स्नानं जे पाहिलं ते तिनं फक्त मिथुनच्या तोंडावर पाहिलं होतं, सुई घेऊन डॉक्टर आत आले तेव्हा. "मंग तो कुठी हाय?"

पत्र्याखालची ती सगळी गाणी, ते राजाचं, काही म्हणजे काही आठवेना. पाणी तसंच. भीती तशीच, उलट मोठी झालेली, कारण आता तिच्याकडं विचारलं जात होतं. तिनं मनात धरलं, ऐकतोस ना. आणि बोलली. "येशूपाशी हाय, आत्याबाई. मिथुन येशूपाशी हाय. तो येनार नाई वापस. आपुन जाऊ त्याच्याकडं."

"मले वळखन काय तो?"

"वळखन. तो तोच हाय. दुसरा कोनी झाला नाई तो. दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचं तोंड, काई नाई. तुमी ज्याले चिंबोऱ्याचा रस्सा चारत होत्या ना, तोच."

देवकाबाईनं हातातला दगड होता तिथं परत ठेवला. नीट, हलणार नाही असा दाबून. मग त्याच्याजवळच गवतात बसली, आणि तिच्यातून आवाज निघाला. वर्षापूर्वी निघायला हवा होता तो. कोणत्याही माणसाचा नसावा असा, लांब, तळ्याच्या पलीकडच्या काठाला जाऊन आपटणारा. बगळे उठले. प्रवीण आईजवळ उकिडवा बसला, तिच्या पाठीवर हात ठेवायला गेला आणि त्यानं दगडांवर ठेवला. ज्योत्स्ना उभीच राहिली. आपण या बाईच्या ताटात माती टाकली, हे तिला कळत होतं. आज ही जेवणार नाही, उद्या नाही, आणि त्याचा जाब तिला द्यावा लागेल. तरी त्या रडण्यात मिथुन होता. अख्खा. तीन महिने हे घर त्याच्यावाचून हसत होतं, आणि आता तो इथं होता, मेलेला, सगळ्यांचा.

बऱ्याच वेळानं देवकाबाईनं नाक पदराला पुसलं आणि वर पाहिलं. पोरीकडं. तिच्या डोळ्यांत माया नव्हती, रागही नव्हता. रस्त्यात अनोळखी माणसाकडं बघावं तसं ती बघत होती.

"मंग हे कोन हाय?"

"हे पयल्यांदाच आली," ज्योत्स्ना म्हणाली.

दामिनी अजून अर्धं पाऊल मागंच होती. देवकाबाईनं हातांची माती लुगड्याला पुसली, एकदा पुसली, पुन्हा पुसली, आणि दोन्ही हात पुढं केले; आपलं घेतात तसे झटकन नाही, परक्याचं लेकरू मागताना करतात तसे, विचारत. ज्योत्स्नानं पोर तिच्या हातांत दिली. म्हातारीनं कान दुमडला नाही. ती नुसतं तोंड बघत राहिली, कपाळ, भुवया, हनुवटी, जणू कोणाच्या घरचं आहे ते शोधत.

"नाव काय व हिचं?" तिनं विचारलं.

 प्रवीणनं दामिनीकडं पाहिलं, दामिनीनं ताटाकडं. तीन महिन्यांत तिच्यासाठी कोणी नाव शोधलंच नव्हतं.